काही हरकत नाही

उद्या सकाळी तुम्ही अंथरुणातून उठलाच नाहीत, तर दुपारपर्यंत कुणाचं काय अडेल? घरचे रडतील, ते सोडा. रडणं वेगळं आणि अडणं वेगळं. कुणाचं काम खोळंबेल? कोण दारावर हात आपटून विचारेल, "अरे, हा माणूस मेला कुठे?" उत्तर चटकन आलं असेल तर तुम्ही नशीबवान. आठवायला वेळ लागत असेल तर हे शेवटपर्यंत वाचा. मधेच डोळे पुसत बसू नका, मला रडके वाचक आवडत नाहीत.

ही गोष्ट डबलबेलची. बसमध्ये कंडक्टरनं दोरी एकदा ओढली की घंटी एकदा वाजते आणि गाडी थांबते. दोनदा वाजली की सुटते. सिंगल बेल, डबल बेल. या माणसाला थांबणं माहीतच नव्हतं, म्हणून आख्ख्या डेपोत त्याचं नाव डबलबेल पडलं. जेवायला बसला तरी एक पाय दाराकडे. बायको असताना ती म्हणायची, "यांना घास भरवायचा तर आधी दोरी कापायला हवी."

कंडक्टरकी म्हणजे तिकिटं फाडणं, असं ज्यांना वाटतं ते बसमध्ये कायम खिडकीबाहेर बघत बसलेले असतात. डबलबेल गाडीत चढला की गाडी त्याच्या घरासारखी व्हायची. कुणाचा गुडघा वाकत नाही, कोण झोपेत स्टॉप चुकवतो, कोणती पोरगी कोणत्या टग्यापासून लांब उभी राहते, सगळं त्याच्या डोक्यात. "पुढे सरका, पुढे जागा आहे, मागे फक्त मी आहे," हा त्याचा ठरलेला विनोद. गाडी उशिरा आली की लोक त्याच्यावर खेकसायचे. ड्रायव्हर काचेपलीकडे, त्याच्यापर्यंत शिव्या पोचायच्या नाहीत. सगळ्या डबलबेलच्या वाट्याला. तो त्या खिशात घातल्यासारख्या घ्यायचा आणि पुढच्या स्टॉपला विसरायचा.

मग दारात कार्ड टेकवायची यंत्रं आली. गाडीत एकटा ड्रायव्हर पुरे, असं वरच्यांनी ठरवलं. युनियनचे अध्यक्ष डेपोच्या गेटवर पत्र्याच्या पेटीवर चढून ओरडले, "एकाही माणसाला घरी पाठवू देणार नाही! पाठवायचं असेल तर आधी माझ्या छातीवरून गाडी न्या!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मी तेव्हा प्रवाशांची बाजू घेऊन भांडत होते, अजूनही भांडते, शाळेत फार गेले नाही पण माणसाच्या आवाजातली खोट मला ओळखू येते, असा माझा समज होता. तो समज त्या दिवशी गेटवरच गेला. कारण अध्यक्ष पेटीवर चढायच्या आधीच बंद खोलीत वरच्यांच्या कागदावर सही करून आले होते.

आणि बघा, त्यांनी शब्द पाळला. कुणालाही घरी पाठवलं नाही. टायरच्या गोदामामागे एक खोली होती, तिथे बाकडी टाकली, पंखा लावला, आणि सगळ्या कंडक्टरांना तिथे बसवलं. सकाळी यायचं, यंत्रावर अंगठा ठेवायचा, बसायचं. संध्याकाळी अंगठा ठेवायचा, जायचं. पगार पूर्ण.

लोक म्हणाले, "बसून पगार! आम्हाला द्या की ही शिक्षा."

सुरुवातीला पत्ते रंगले. मग पंख्याखाली कोण बसणार यावरून भांडणं झाली. मग भांडणंही संपली. बाहेर गाड्या सुटायच्या त्या घंटीशिवाय. एकदा गाडी गेटमधून निघताना डबलबेलनं नकळत बाकड्यावर दोनदा टकटक केलं. खोलीत हशा पिकला. मग तो असा बंद झाला की कुणी कुणाकडे बघेना.

उपाशी माणसासाठी मला मोर्चा काढता येतो. बसवून ठेवलेल्या माणसासाठी मी काय घोषणा देऊ? "आम्हाला दमवा"? वरचे साहेब हसले असते. हसलेच. मी एकदा विचारलं तर एक जण म्हणाला, "ताई, त्यांना त्रास कसला आहे?"

त्रास असा होता की डबलबेलनं मुदतीआधीच नोकरी सोडली आणि घरी येऊन तो हळूहळू विझला. झोप उडाली. छातीत आवळायला लागलं. कागदपट्टीवर हृदयाच्या रेघा काढून बघितल्या, हृदय ठणठणीत. नळ ठिबकतोय एवढ्यावरून त्यानं एकदा तांब्या भिंतीवर फेकला आणि मग त्या तांब्याला पोचा आला म्हणून तासभर रडला. दाढी वाढली. जो माणूस गर्दीनं फुटलेल्या गाडीत, रस्त्यात पाणी तुंबलेलं असताना, हसत उभा राहायचा, तो दाराची बेल वाजली की दचकायचा. ताण वाढला नव्हता हो. ताण तर सगळा गेला होता. ताण पेलायचं कारणही त्याच्याबरोबर गेलं होतं.

घरात तो आणि त्याची लेक, दोघंच. लेक एका मोठ्या दवाखान्यात खिडकीवर केसपेपर काढते. तिनं तिथल्याच मनाच्या डॉक्टरला दाखवलं. डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि जाताना तिला बाजूला घेऊन सांगितलं, "गोळ्या यांना पडू देणार नाहीत. पण उभं राहायला कारण लागेल. सकाळी उठायचं कारण द्या."

डॉक्टर चुकीचं बोलला नाही. पण "कारण द्या" हे लेकीनं "कारण बनवून द्या" असं ऐकलं.

एका संध्याकाळी ती घरी येऊन म्हणाली, "बाबा, आमच्या दवाखान्याला एक माणूस हवाय. एकटे राहणारे म्हातारेकोतारे आहेत, त्यांना रोज सकाळी फोन करायचा. बरे आहात का, गोळी घेतली का, एवढंच. कुणी उचलला नाही तर मला कळवायचं, आम्ही माणूस पाठवू. तुमच्याइतकं माणसांशी बोलता येणारं कोण आहे दुसरं?"

डबलबेल भिंतीकडून वळला. मग म्हणाला, "सकाळी म्हणजे किती वाजता?"

दुसऱ्या दिवशी त्यानं दाढी केली. फोनवर करायच्या कामासाठी दाढी! इस्त्रीचा शर्ट घातला, खुर्ची खिडकीत ओढली आणि ड्युटी सुरू केली.

"टेलरकाका, आहात ना जागेवर?"

"आहे की. खिडकीची सीट पकडून बसलोय."

"गोळी घेतली?"

"घेतली."

"खोटं बोलू नका. पुढच्या स्टॉपला चेकर चढणार आहे."

पलीकडून म्हातारा खोखो हसायचा. एक निवृत्त शाळेच्या बाई होत्या, त्यांच्याशी तो शुद्ध बोलायचा प्रयत्न करायचा आणि त्या त्याच्या चुका काढायच्या. आणखी आठ-नऊ जण होते. हळूहळू झोप परतली. रक्तदाब उतरला. डॉक्टरनं एक गोळी कमी केली. रस्त्यात मला भेटला तर छाती काढून म्हणाला, "मोर्चेवाल्या बाई, मला वेळ नाही हं. सकाळी माझ्यावर माणसं आहेत." माझ्यावर माणसं आहेत! मला तर वाटलं, डबल बेल मिळाली.

ऋतू बदलला तरी ड्युटी चालू होती. मग एका सकाळी फोन बादलीत पडला. तो दुकानात नेला, दुकान उघडायची वाट बघितली, वाळवून चालू होईस्तोवर दुपार झाली. तोवर डबलबेलच्या अंगाला दरदरून घाम. कुणी पडलं असेल तर? शाळेच्या बाईंना आदल्या दिवशी ताप होता. त्यानं दुकानाच्या पायरीवरच बसून पहिला फोन लावला.

"टेलरकाका! आहात ना?"

"आहे की! काही हरकत नाही हो, आरामात करा."

शाळेच्या बाई म्हणाल्या, "काही हरकत नाही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

तिसरा म्हणाला, "काही हरकत नाही. तुम्ही बरे आहात ना?"

तिथे तो थांबला. पुढचे नंबर त्यानं लावलेच नाहीत. नंतर मला सांगताना म्हणाला, "बाई, आयुष्यभर मी उशिरा आलेल्या गाडीतून उतरलोय. ज्याला खरंच कुठेतरी पोचायचं असतं तो खेकसतो. घड्याळ नाकासमोर नाचवतो. 'काही हरकत नाही' असं कोण म्हणतो? ज्याला कुठे जायचंच नाही, तो. इथे तर आख्खी गाडीच तसली निघाली."

मग तो उठला आणि दवाखान्याच्या यादीतला पत्ता आठवत टेलरकाकाच्या घरी गेला.

दारात चपलांचा एवढा ढीग की स्वतःची काढायला जागा सापडेना. आत टीव्ही मोठ्यानं चालू, कुणीतरी भांडतंय, कुणीतरी हसतंय, शिट्टी होतेय कुकरची. एकटा राहणारा म्हातारा मधोमध पाय पसरून बसला होता. दोन मुलगे, दोन सुना, नातवंडं, सगळे त्याच्या अवतीभोवती.

"कोण हवंय?" धाकट्या सुनेनं विचारलं.

"मी फोन करतो रोज सकाळी."

"अगंबाई!" ती आत वळून ओरडली, "अहो, हे बघा कोण आलंय! ते नाही का, ज्यांचं मन रमवायचं असतं!"

टीव्ही तेवढा बोलत राहिला.

मराठी भाषा फार हुशार आहे बरं का. मन रमतं, ते आपलं आपण. रमवतात ते लेकराला, त्यानं भोकाड पसरू नये म्हणून. मधे एक "व" घातला की बस. त्या एका "व"नं उभा माणूस आडवा केला.

टेलरकाका धडपडत उठला. "साहेब, बसा ना. अहो, तुमच्या लेकीनं हात जोडून सांगितलं होतं. बापासाठी करतेय पोर, नाही कसं म्हणणार? आणि खरं सांगतो, मला आवडायचं. तुमचा फोन आला की मी आठवणीनं गोळी..."

"गोळी तुम्हाला सूनबाई देतात," डबलबेल म्हणाला. "डबी त्यांच्या हातातच आहे."

तो उलट्या पावली निघाला. चपला शोधताना दुसऱ्याचीच एक घातली गेली, ती बदलायलाही थांबला नाही.

लेक कामावरून आली तेव्हा तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला होता. फोन समोर ठेवलेला, पालथा.

"किती जणांना पढवलंस?"

तिची पर्स खांद्यावरच राहिली. "बाबा..."

"शाळेच्या बाईंनाही?"

"त्या माझ्या बाई आहेत. मीच सांगितलं त्यांना."

"म्हणजे मी आजारी आहे, हे तू दारोदार सांगत फिरलीस. आणि मी इकडे शर्टाला इस्त्री करतोय!"

"मग काय करायला हवं होतं मी?" तिचा आवाज फाटला. "तुम्ही दिवसभर वर बघत पडून राहायचात. मी कामावर जाताना गच्चीची किल्ली पर्समध्ये टाकून न्यायचे, माहीत आहे? खिडकीवर एकेकाचं नाव लिहिताना हात पर्सवर ठेवून बसायचे. किल्ली आहे ना, आहे ना. मला डॉक्टर म्हणाले कारण द्या. कुठून आणू मी कारण? दुकानात मिळतं?"

डबलबेलला किल्लीचं माहीत नव्हतं. त्यानं तिच्या पर्सकडे बघितलं. लेकीवर माया आली असणार, येणारच. पण राग त्याहून मोठा होता.

"अध्यक्षानं मला बसवलं," तो म्हणाला, "तेव्हा निदान खाली बाकडं दिसत होतं. तू मला चालत्या गाडीत चढवलंस असं मी समजलो. गाडी जॅकवर होती गं. चाकं नुसती हवेत फिरत होती, आणि मी आत घंट्या मारतोय."

मग तो आडवा झाला, भिंतीकडे तोंड करून. गोळ्याही बंद केल्या. लेक समोर पाण्याचा पेला धरून उभी राहायची, हा डोळे मिटायचा. तिचं प्रेम खरं होतं, कोण नाही म्हणतंय? पण खऱ्या प्रेमानं फसवलं की माणसाला दाद मागायला कचेरीही उरत नाही. अध्यक्षाच्या नावानं गेटवर शिमगा तरी करता येतो. लेकीच्या नावानं काय करणार?

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी माझ्याच भांडणासाठी त्याच्याकडे गेले. झालं होतं असं, की आमच्या भागातली एक इस्त्रीवाली बाई, दोन्ही मूत्रपिंडं गेलेली, आठवड्याला ठरलेल्या दिवशी डायलिसिसला बसनं जाते. मशीनवरून उतरलं की अंगात ताकद नसते, डोळ्यांपुढे अंधारी येते. पूर्वी कंडक्टर खाली उतरून धरायचा, ती बसेपर्यंत घंटी द्यायचा नाही. आता ड्रायव्हर काचेपलीकडे, आरशात दार रिकामं दिसलं की गाडी हलवतो. त्या झटक्यानं ती पायरीवरून रस्त्यावर पडली. परिवहनच्या कचेरीत मी तक्रार लावली होती, आणि कंडक्टर नेमकं काय करायचा हे सांगणारा माणूस मला साक्षीला हवा होता.

तिचा दवाखाना, तिचे दिवस, सगळं मी सांगितलं, तरी डबलबेलनं भिंतीकडूनच उत्तर दिलं. "तुम्हालाही लेकीनं पढवून पाठवलंय."

"काय?"

"जा, सांगा तिला, रमलं माझं मन."

माझं डोकं फिरलं. "तुमची लेक गेली खड्ड्यात आणि तुमचं मनही! ती बाई सुजलेलं ढोपर घेऊन इस्त्री मारतेय, आणि मी इथे तुमची पाठ बघत उभी आहे! तुमचं मन रमवायला वेळ आहे कुणाला? यायचं तर या. नाही आलात तर दुसरा शोधीन!"

दार आपटून मी गेले. दुसरा कोण मिळणार होता, ते मलाच माहीत.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. डबलबेल दुसऱ्या दिवशी डायलिसिसच्या दवाखान्यासमोरच्या स्टॉपवर गेला, पण साक्षीला नाही, तपासणीला. खांबाआड उभा राहिला, तिकीट तपासणारा राहतो तसा. इस्त्रीवाली आली. दंडाला पट्टी, चेहरा फटफटीत. गाडी आली, पायरी उंच, ती चढताना दार अर्धं मिटायला लागलं. मागच्या माणसानं ढकललं म्हणून ती आत गेली, नाहीतर अडकलीच असती. डबलबेल जागचा हलला नाही. त्याला वाटलं, हेही ठरवून केलेलं असेल. पुढच्या खेपेला तो अलीकडच्या स्टॉपवरच गाडीत चढून बसला, तिला कळू न देता. तेच. तिसऱ्या खेपेला ती एक पाय पायरीवर ठेवून हेलपाटली, गाडी हलायला लागली आणि डबलबेलचा तळहात गाडीच्या पत्र्यावर दाणकन पडला. एकदाच. ड्रायव्हर जुना होता. विचार करायच्या आत त्याचा पाय ब्रेकवर गेला.

डबलबेलनं पुढे होऊन तिला धरलं.

"हात सोड मेल्या!" इस्त्रीवाली किंचाळली. "त्या हाताला धरायचं नाही, मशीनची सुई टोचतात ती शीर फुटली तर तुझा बाप भरणार आहे का? ह्या बाजूनं ये. गाडी थांबवतोस कंडक्टरसारखी आणि धरतोस हमालासारखा?"

"हमालच म्हणा. चला, पुढे जागा आहे."

"मला दिसतंय. डोळे गेले नाहीत अजून माझे."

तिच्या सगळ्या फेऱ्यांना तो जायला लागला. जाताना, येताना. तिच्याबरोबर मशीनवर येणारे आणखी दोघंतिघं त्याला चिकटले. गोळ्या त्यानं स्वतःहून परत सुरू केल्या. डॉक्टरकडे एकटाच गेला आणि म्हणाला, "पूर्वीइतक्याच द्या. गाडीत मीच चक्कर येऊन पडलो तर ती बाई मला जिवंत ठेवणार नाही."

एकदा त्याची दाढ काढली, त्या भानगडीत तो उशिरा पोचला. संध्याकाळी सुजलेल्या गालानं त्यानं मला फोन केला.

"बाई, शिवी मिळाली."

"कुणाची?"

"तिची. भर स्टॉपवर. 'कुठे मेला होतास, तुझ्यापायी दोन गाड्या सोडल्या मी!' असं म्हणून पुढे आईवरून. तीन पिढ्या उद्धारल्या." आणि मग हळूच, "खरी होती हो. नीट तपासली मी."

इथे ही गोष्ट संपवली असती तर तुम्हाला बरं वाटलं असतं. मलाही. पण अध्यक्ष अजून जिवंत आहेत.

ते एक दिवस डेपोच्या साहेबांबरोबर त्याच गाडीत चढले. "अरे डबलबेल! काय हे, अजून सेवेत? वा! थांब, एक फोटो." डबलबेलनं इस्त्रीवालीचा चांगला हात धरलेला होता, सोडता येईना. त्यांनी फोटो काढला, पाठ थोपटली, उतरले. आठवडाभरात झाडून सगळ्या बसच्या काचेवर तो फोटो लागला. खाली मोठ्या अक्षरांत: "कंडक्टर नसला तरी माणुसकी आहे! आमचे निवृत्त बांधव आपल्या सेवेत." आणि माझ्या तक्रारीच्या सुनावणीत साहेबांनी तोच कागद माझ्यापुढे सरकवला. "स्वयंसेवक आहेत की, ताई. मग कंडक्टर कशाला हवेत?" तक्रार निकालात.

समजलं ना काय झालं? ज्याला कंडक्टर म्हणून हाकललं, त्यालाच कंडक्टर नकोत याचा पुरावा केला. त्याच माणसानं, त्याच हसऱ्या तोंडानं, दुसऱ्यांदा. डबलबेलनं आपलं मोडलेलं मन जिथे कसंबसं टेकवलं होतं, नेमकी तीच जागा विकली.

मी सुनावणीतून तडक त्याच्या घरी धावले. मला भीती होती, आता हा उठत नाही. लेक दारातच उभी होती, पर्स छातीशी घट्ट धरून. पर्समध्ये काय होतं ते मी विचारलं नाही.

आत डबलबेल शर्टाची बटणं लावत होता. एक बटण काजात जाईना. चेहरा राखेसारखा.

"बघितलं?" मी विचारलं.

"बघितलं. नाक बरं आलंय."

"सुनावणीत तुमचाच फोटो माझ्या तोंडावर मारला."

तो थांबला. हे त्याला नवीन होतं. खाली बसला, पलंगाच्या कडेवर. लेक एक पाऊल आत आली. बसला की हा आडवा होतो, हे तिला पाठ होतं.

"मला थुंकावंसं वाटतंय," तो म्हणाला. "आणि तोंड कोरडं पडलंय."

"आजपासून जाऊ नका," मी म्हटलं. "तुम्ही गेलात की त्यांचंच फावतं."

"आणि नाही गेलो की ती पडते."

मी त्याच्या चपला पुढे सरकवल्या.

तो उठला. राहिलेलं बटण तसंच सोडून चपला घातल्या. "तुमचं भांडण संध्याकाळी. मी येतो, साक्ष देतो, अध्यक्षाच्या दारात बसायचं तर बसतो. आत्ता तिची मशीन सुटेल. उशीर झाला तर माझी खैर नाही."

संध्याकाळी तो आला. गेटवर सगळ्यांदेखत अध्यक्षांना म्हणाला, "माझा फोटो उतरवा. मी तुमच्या सेवेत नव्हतो आणि नाही."

अध्यक्ष हसून म्हणाले, "अरे वेड्या, गौरव केला तुझा!"

"गौरव तुमच्या घरी न्या," तो म्हणाला. "कंडक्टर परत आणा, मी त्याच दिवशी घरी बसतो. तोवर रोज इथे येऊन हेच ओरडणार."

फोटो उतरला नाही. त्याच्या मार्गावरच्या गाड्यांत त्यानं फोटोतल्या स्वतःच्याच तोंडाला काळं फासलंय. कंडक्टर परत आले नाहीत. आम्ही अपील केलंय, बघू. लेकीशी तो बोलतो, जेवतो, तिला ताप आला तर रात्रभर बसतो. पण ती "बाबा, माझं एक काम कराल?" असं म्हणाली की हा तिच्याकडे टक लावून बघतो आणि विचारतो, "खरं आहे का?" दर वेळी. तिनं आता विचारणंच सोडलंय. काही गोष्टी फाटतात त्या फाटतात, मी त्यांना रफू करणार नाही.

एवढं मात्र मी डोळ्यांनी बघितलं. पहिल्यांदा अध्यक्षानं फसवलं तेव्हा हा माणूस महिनोन्‌महिने भिंतीला चिकटला. दुसऱ्यांदा फसवलं तेव्हा तो पलंगाच्या कडेला फक्त टेकला. घाव तोच, मन तेच, गोळ्याही त्याच. मन काही दगडाचं झालं नव्हतं. फक्त या खेपेला स्टॉपवर एक चिडकी बाई घड्याळाकडे बघत उभी होती, आणि पडायला त्याला सवड नव्हती.

तुमच्याही घरात कुणीतरी भिंतीकडे तोंड करून पडलेलं असेल. त्याला डॉक्टरकडे न्या, त्याच्या गोळ्या चुकवू देऊ नका. पण कृपा करून त्याचं मन रमवू नका. खोटं काम शिवून त्याच्या अंगावर घालू नका, ते एक दिवस उसवतं. तुमचं स्वतःचं असं एखादं काम शोधा जे तुम्हाला खरोखर झेपत नाही. मग त्याच्याशेजारी बसा, लाज सोडा आणि सांगा, माझं अडलंय, चल. तो आला तर त्याच्यावर पुरते विसंबा. आणि त्यानं उशीर केला, तर हात जोडून सांगते, त्याच्यावर मनापासून ओरडा.